‘जिप्सी’ ते ‘राग’ : गाबोर साबो यांच्या जॅझवादनातील नाव आणि नाद

प्रास्ताविक

जॅझ या संगीतप्रकाराविषयी मराठीत जे थोडे लेखन झाले आहे ते प्रामुख्याने आर्मस्ट्राँग, एलिंग्टन, कोल्ट्रेन अशा मोजक्या अमेरिकन कलावंतांभोवती फिरते. जॅझ आणि भारतीय संगीत यांच्या संबंधाचा विषय निघाला की पंडित रविशंकर यांचे नाव घेऊन आपण समाधान मानतो. या दोन्ही चर्चांच्या कडेला राहिलेल्या एका वादकाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. हंगेरीत जन्मलेले गिटारवादक व संगीतरचनाकार गाबोर साबो (१९३६–१९८२) यांनी १९६६ साली ‘जॅझ राग’ या नावाची तबकडी ध्वनिमुद्रित केली. ‘राग’ ही आपल्या संगीतविचारातील मध्यवर्ती संज्ञा या तबकडीच्या मुखपृष्ठावर मिरविते. ती तेथे शोभते काय, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार भारतीय श्रोत्याला आहे. मात्र उत्तर देण्यापूर्वी साबो यांचे समग्र वादन ऐकण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते.

बुडापेस्ट ते न्यूपोर्ट

साबो यांचा जन्म ८ मार्च १९३६ रोजी बुडापेस्ट येथे झाला. किशोरवयात हाती आलेली गिटार ते बव्हंशी स्वतःच शिकले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या साम्यवादी हंगेरीत जॅझ हे संशयास्पद संगीत मानले जाई. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या नभोवाणी केंद्राचे प्रक्षेपण हाच ते ऐकण्याचा अनेकांचा मार्ग होता. १९५६ च्या ऑक्टोबरात उठाव झाला, नोव्हेंबरात सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला आणि सुमारे दोन लाख लोक देश सोडून गेले. या धामधुमीत साबोही बाहेर पडले व अमेरिकेस पोहोचले. पुढे बोस्टनच्या बर्कली संगीत विद्यालयात त्यांनी शिक्षण घेतले. १९५८ च्या न्यूपोर्ट महोत्सवात युरोपीय देशांतील तरुण वादकांचा जो आंतरराष्ट्रीय वाद्यवृंद उभा राहिला, त्यात हंगेरीचे प्रतिनिधी म्हणून ते वाजले. ज्या देशातून पळून यावे लागले त्याच देशाचे प्रतिनिधित्व दोन वर्षांच्या आत करावे लागणे, ही निर्वासित कलावंताच्या वाट्याला येणारी विचित्र स्थिती होय.

हंगेरीने जॅझला दिलेले साबो हे एकटेच कलावंत नव्हेत. गिटारवादक अत्तिला झोलर (१९२७–१९९८) यांनी १९४८ सालीच देश सोडला होता. व्हायब्राफोनवादक व रचनाकार टॉमी विग (जन्म १९३८) हेही १९५६ नंतरच अमेरिकेत आले, लास व्हेगास व लॉस एंजेलिस येथे दीर्घकाळ राहिले आणि उतारवयात बुडापेस्टला परतले. विग यांनी अमेरिकन मोठ्या वाद्यवृंदाची भाषा आत्मसात करून तीत रचना केल्या. साबो यांनी ती भाषा शिकूनही आपला उच्चार बदलला नाही. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

१९६१ पासून साबो ढोलवादक चिको हॅमिल्टन यांच्या पंचकात दाखल झाले. सॅक्सोफोनवादक चार्ल्स लॉइड हे त्यांचे तेथील सहवादक. ‘पासिन थ्रू’ (१९६२) या तबकडीत साबो यांची ‘लेडी गाबोर’ ही रचना आहे. पुढील सर्व काही बीजरूपाने या एका रचनेत आढळते. स्वरसंवादांची साखळी पुढे सरकत नाही. एक आधारस्वर घुमत राहतो आणि त्याभोवती छोट्या स्वरवाक्यांची आवर्तने वाढत जातात. सतार त्यांच्या हाती येण्यापूर्वीची ही गोष्ट आहे, हे विशेष लक्षात घेतले पाहिजे.

नामकरणाचे राजकारण

स्वतंत्र वादक म्हणून साबो यांची पहिली तबकडी ‘इम्पल्स’ कंपनीने काढली, तिचे नाव ‘जिप्सी ६६’. त्यानंतर मे १९६६ मध्ये ‘स्पेलबाइंडर’ ध्वनिमुद्रित झाली, तीत ‘जिप्सी क्वीन’ ही त्यांची सर्वाधिक प्रसिद्ध रचना आहे. ऑगस्ट १९६६ मध्ये ‘जॅझ राग’. म्हणजे वर्षभराच्या आत एकच कलावंत बाजारात प्रथम ‘जिप्सी’ म्हणून आणि नंतर ‘राग’ वाजविणारा म्हणून उभा करण्यात आला.

‘जिप्सी’ हा शब्द हंगेरियन संगीताच्या संदर्भात निष्पाप नाही. फ्रान्झ लिस्ट यांनी १८५९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हंगेरियन म्हणून ओळखले जाणारे संगीत ही मूलतः रोमा लोकांची निर्मिती असल्याचे प्रतिपादन केले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी बेला बार्टोक व झोल्टान कोदाय यांनी खेडोपाडी फिरून, फोनोग्राफवर शेतकऱ्यांची गाणी मुद्रित करून या समजुतीला छेद दिला. शहरातील उपाहारगृहांतून रोमा वादक जे वाजवितात ते बव्हंशी नागर गीतसंगीत आहे आणि ग्रामीण हंगेरीचे लोकसंगीत त्याहून निराळे व अधिक प्राचीन आहे, हे त्यांच्या १९०६ पासूनच्या प्रकाशित कार्यातून स्पष्ट झाले. साठ वर्षांनंतर न्यूयॉर्कच्या ध्वनिमुद्रिका कंपनीला या वादाशी काही देणेघेणे नव्हते. बुडापेस्टचा माणूस, हाती गिटार, स्वरात थोडी आर्तता, एवढ्यावर ‘जिप्सी’ हे लेबल चिकटले. साबो यांनी त्याला विरोध केला असे दिसत नाही. उलट ते लेबल त्यांनी आपल्या रचनांच्या शीर्षकांतही स्वीकारले. कलावंताला पोट असते. समीक्षकाने मात्र लेबल आणि वस्तू यांत गल्लत करू नये.

‘जॅझ राग’ची चिकित्सा

‘राग’ या दुसऱ्या लेबलाची पार्श्वभूमी सर्वपरिचित आहे. १९६५ च्या अखेरीस बीटल्सच्या ‘नॉर्वेजियन वुड’ या गीतात जॉर्ज हॅरिसन यांनी सतार वाजविली. १९६६ च्या उन्हाळ्यापर्यंत रोलिंग स्टोन्सच्या ‘पेंट इट ब्लॅक’मधून ती घरोघरी पोहोचली. ‘जॅझ राग’मध्ये हेच ‘पेंट इट ब्लॅक’ आहे. सोबत ‘कॅराव्हान’ व ‘समरटाइम’ ही जॅझमधील जुनी गीते आहेत, आणि ‘कृष्ण’, ‘रवी’, ‘राग डॉल’, ‘सर्च फॉर निर्वाणा’, ‘मिझराब’ अशा शीर्षकांच्या रचना आहेत. कृष्ण, निर्वाण आणि बाहुली यांची ही एकाच फळीवरील मांडणी पाहून भारतीय वाचकास हसू आले तर नवल नाही. गिटार व सतार दोन्ही साबो यांनीच वाजविली असून एक ध्वनी दुसऱ्यावर चढवून मुद्रण केले आहे. साथीला बर्नार्ड पर्डी यांचे ढोल आहेत, म्हणजे तालाचा कणा अमेरिकन लोकप्रिय नृत्यसंगीताचा आहे.

एका तबकडीच्या दोन बाजूंवर येथे अकरा रचना आहेत. हे गणितच पुरेसे बोलके आहे. रागाची बढत ही काळाची मागणी करते. षड्ज स्थिर होणे, एकेका स्वराला सन्मानाने प्रवेश मिळणे, न्यासस्थाने उमगणे, हे सारे तीनचार मिनिटांच्या तुकड्यात कसे घडणार? तबकडीच्या काळात तीन मिनिटांत राग उभा करणारे गायक आपल्याकडे होऊन गेले, असा आक्षेप येथे कोणी घेईल. तो रास्त आहे. परंतु त्या गायकांपाशी रागाचे चलन तयार होते, त्यांनी ते संक्षेपाने मांडले. साबो यांच्यापाशी चलन नाही, केवळ स्वरसप्तक व घुमारा आहे. त्यांच्या सतारीत मिंडेचे काम जवळजवळ नाही. ते गिटारीची बोटे सतारीवर चालवितात. तरफांचा झंकार व जवारीचा खरखरीत गोडवा त्यांना हवा आहे, स्वरांमधील अंतराळ नको आहे. सतार येथे वाद्य म्हणून न येता रंग म्हणून येते. तेव्हा ‘राग’ ही संज्ञा येथे लागू पडत नाही, असे निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे. कोल्ट्रेन यांनी १९६१ मध्ये ‘इंडिया’ ही रचना वाजविताना सतार घेतली नव्हती. तरीही एका स्वराच्या आधाराने दीर्घकाळ विहरण्याचे तत्त्व त्यांनी अधिक खोलवर आत्मसात केले होते.

आपल्याकडील समीक्षा सामान्यतः येथवर येऊन थांबते. परकीयाने आपली संज्ञा चुकीची वापरली, हे सिद्ध करण्यात एक सोपे समाधान असते. प्रस्तुत लेखकास त्यापुढील प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. सतार बाजूला ठेवल्यावर काय उरले?

‘मिझराब’ची तीन रूपे

याचे उत्तर ‘मिझराब’ या एकाच रचनेच्या तीन रूपांत मिळते. पहिले रूप १९६६ च्या ‘जॅझ राग’मधील, छोटे व काहीसे घाईचे. दुसरे एप्रिल १९६७ मध्ये बोस्टनच्या जॅझ वर्कशॉप येथे श्रोत्यांसमोर वाजविलेले, ‘द सॉर्सरर’ या तबकडीतील. तिसरे डिसेंबर १९७२ मधील, ‘सीटीआय’ कंपनीच्या ‘मिझराब’ याच नावाच्या तबकडीतील.

दुसऱ्या रूपात सतार नाही. साबो यांच्या हाती पिकअप बसविलेली लाकडी पोकळ गिटार आहे. जॅझच्या गिटारवादकांना प्रिय असलेला गोल, मऊ, झाकलेला स्वर त्यांनी कटाक्षाने टाळला. त्यांचा स्वर धारदार असून तारेवर आघात झाल्याचा क्षण स्पष्ट ऐकू येतो. मोकळ्या तारा छेडून त्या वाजू द्यायच्या आणि त्यांच्या घुमाऱ्यावर शेजारच्या तारेने स्वरवाक्य काढायचे, ही त्यांची पद्धत. ध्वनिवर्धकातून उलट येणारा गुंजारव इतर वादक दोष मानून टाळीत, साबो तो ताब्यात ठेवून आधारस्वरासारखा वापरीत. शेजारी जिमी स्टुअर्ट यांची दुसरी गिटार आहे. अभिजात पाश्चात्त्य वादनाचे संस्कार झालेला हा वादक स्वरसंवादांची जबाबदारी स्वतःकडे घेतो आणि साबो यांना एका स्वराभोवती रेंगाळण्यास मोकळे सोडतो. जुगलबंदी हा शब्द येथे मोहात पाडतो, पण तो चुकीचा ठरेल. आपल्याकडील जाणता संवादिनीवादक गायकाला जागा करून देतो, त्या अर्थाने स्टुअर्ट साथ करतात.

म्हणजे सतारीकडून साबो यांनी घेतले ते बोटातील तारेचे नखच, रचनेला नाव मिळाले तेही त्याचेच. हे वाद्य त्यांना त्यांच्या जुन्याच सवयीचे नवे भान देऊन गेले. ‘लेडी गाबोर’मधील आवर्तनशील वृत्ती १९६७ मध्ये आत्मविश्वासाने बोलते. बॉब जेम्स यांच्या वाद्यवृंदरचनेने नटलेले १९७२ चे रूप भव्य असले तरी बोस्टनच्या त्या रात्रीची निकड त्यात नाही. तिसऱ्या रूपाला कौशल्याची कमतरता नाही, जागेची आहे.

व्यावसायिक तडजोडींचा विचार केल्याशिवाय हे चित्र पूर्ण होत नाही. १९६७ सालीच समूहगायनाच्या साथीने काढलेली ‘विंड, स्काय अँड डायमंड्स’ आज ऐकवत नाही. १९६८ मध्ये साबो यांनी कॅल जेडर व गॅरी मॅकफार्लंड या दोन व्हायब्राफोनवादकांसह ‘स्काय’ नावाची स्वतःची कंपनी काढली. कलावंतांनी चालविलेला हा प्रयोग १९७० पर्यंतच टिकला, पण ‘ड्रीम्स’सारखी संयत तबकडी त्यातून मिळाली. लोकप्रिय गीते वाजविणे ही निखळ शरणागती होती, असेही नाही. ओळखीची चाल आधाराला घेऊन तिच्यापासून दूर जाता येते, हे त्यांनी अनेकदा दाखविले.

कीर्ती मात्र इतरांच्या हातून आली. ‘जिप्सी क्वीन’ ही रचना सँटाना या समूहाने १९७० च्या ‘अब्राक्सस’मध्ये ‘ब्लॅक मॅजिक वुमन’ला जोडून वाजविली आणि तो अल्बम अमेरिकेत प्रथम क्रमांकावर गेला. बॉबी वोमॅक यांची ‘ब्रीझिन’ ही रचना साबो यांनी वोमॅक यांच्यासह १९७१ च्या ‘हाय कॉन्ट्रास्ट’मध्ये प्रथम वाजविली. पाच वर्षांनी जॉर्ज बेन्सन यांच्या गिटारीवर ती विक्रमी खपाची ठरली.

परतीचा प्रवास

१९७४ मध्ये साबो हंगेरीत गेले. तेथील दूरचित्रवाणीने त्यांचा कार्यक्रम सादर केला. हंगेरियन रीतीनुसार आडनाव आधी लिहून कार्यक्रमात त्यांचा उल्लेख ‘साबो गाबोर’ असा झाला आणि पुढे कंसात ‘यूएसए’ ही अक्षरे होती. अमेरिकेत जिप्सी, मायदेशी अमेरिकन! १९७९ साली त्यांनी लॉस एंजेलिस येथे ‘फाम फाताल’ ही तबकडी मुद्रित केली, तीत पियानोवादक चिक कोरिया यांच्यासमवेत एक युगुलवादन आहे. ही तबकडी १९८१ मध्ये हंगेरीच्या शासकीय कंपनीच्या ‘पेपिता’ या शिक्क्याने प्रसिद्ध झाली. २६ फेब्रुवारी १९८२ रोजी बुडापेस्ट येथेच साबो यांचे निधन झाले, तेव्हा ते शेहेचाळीस वर्षांचेही नव्हते. कोरिया यांच्या पियानोसोबतच्या त्या वादनात ना सतार आहे ना ढोल. मोकळ्या तारेचा घुमारा तेवढा आहे, आणि त्यावर सावकाश फिरणारी तीचतीच, दर खेपेस थोडी बदललेली स्वरवाक्ये.