ल्यूथर, इरॅस्मस आणि बद्ध इच्छा

ख्रिस्ती तारणकल्पनेविषयी आपल्या लेखनात बहुधा एकच वाक्य आढळते : तेथे ईश्वर तारतो, येथे माणूस आपल्या प्रयत्नाने तरतो. ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मार्गदाता आणि मोक्षदाता असा जो भेद केला, त्याचे हे संक्षिप्त रूप होय. वाक्य खोटे नाही. परंतु ते उच्चारले की ख्रिस्ती विचारातील सर्वांत अवघड वाद वाचण्याचे श्रम टळतात. तारण जर सर्वस्वी ईश्वरी कृपेने होत असेल, तर ती कृपा स्वीकारणे वा नाकारणे तरी माणसाच्या हाती आहे काय, हा तो वाद. त्यातील दोन प्रमुख ग्रंथ, इरॅस्मसचा ‘स्वतंत्र इच्छेविषयी’ (१५२४) आणि ल्यूथरचा ‘बद्ध इच्छेविषयी’ (१५२५), गॉर्डन रप व फिलिप वॉटसन यांनी १९६९ मध्ये इंग्रजीतून एका खंडात आणले. आम्हांस लॅटिन येत नाही. पुढील विवेचन या भाषांतराच्या आधारे आहे.

वाद तेव्हाही जुनाच होता. माणूस आज्ञा पाळू शकतो म्हणूनच आज्ञा दिली गेली, असे पेलॅगियस म्हणे. आदामाच्या पतनानंतर इच्छाच बिघडली आहे, असे ऑगस्टीनचे उत्तर. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मपरिषदेने पेलॅगियसपंथीयांचा निषेध केला, पण प्रश्न मिटला नाही.

इरॅस्मस हा ग्रीक नव्या कराराची पहिली छापील आवृत्ती १५१६ मध्ये प्रसिद्ध करणारा पंडित. पाठभेद जुळविण्यात आयुष्य वेचणाऱ्याविषयी आम्हांस जिव्हाळा वाटतो, हा पक्षपात आधीच सांगून टाकतो. त्याचा युक्तिवाद सरळ आहे. शास्त्र जागोजागी ‘निवड करा’, ‘मागे फिरा’ असे बजावते. निवडण्याची शक्तीच नसेल तर या आज्ञा म्हणजे थट्टा आणि त्या मोडल्याबद्दल शिक्षा म्हणजे क्रौर्य. हे बिनतोड आहे. अडचण पुढे येते. नुकत्याच चालू लागलेल्या मुलाचा तो दृष्टान्त देतो : बाप सफरचंद दाखवितो, पडलेल्या मुलाला उठवितो, हात धरून नेतो आणि अखेर फळही त्याच्या हाती ठेवतो. आरंभ कृपेचा, शेवट कृपेचा, मध्ये मुलाची जराशी धडपड. इच्छेला एवढेच उरत असेल, तर ग्रंथारंभीच्या व्याख्येत तिला दिलेले सामर्थ्य कोठे गेले? ल्यूथरने त्याला नेमके येथेच पकडले.

ल्यूथरची भाषा उर्मट आहे. प्रतिपक्षाची टवाळी केल्याशिवाय त्याचे पान सरत नाही. मात्र सुज्ञपणे तो हेही कबूल करतो की पोप, शुद्धिस्थान, पापमुक्तिपत्रे असले किरकोळ विषय सोडून इरॅस्मसनेच मूळ प्रश्नाला हात घातला. त्याचे उत्तर असे की आज्ञा माणसाचे कर्तव्य सांगते, सामर्थ्य नव्हे. आपण दुर्बल आहोत हे कळावे म्हणूनच ती दिलेली असते. इच्छा म्हणजे ओझ्याचे जनावर. त्यावर ईश्वर बसतो वा सैतान, आणि स्वार निवडणे जनावराच्या हाती नसते. मग ज्या ईश्वराने फारोचे मन कठीण केले त्यानेच फारोला का बुडवावे? येथे ल्यूथर प्रकट ईश्वर व गुप्त ईश्वर असा भेद करतो आणि आज अन्याय्य भासणारे ते गौरवाच्या प्रकाशात उद्या न्याय्य दिसेल, असे सांगतो. आमच्या मते हे उत्तर नव्हे, उत्तराची पुढची तारीख होय.

तरीही ग्रंथाच्या अखेरीस एक कबुली आहे, तिच्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. स्वतंत्र इच्छा देऊ केली तरी आपल्याला ती नको, असे ल्यूथर म्हणतो. कारण मग कितीही सत्कर्मे केली तरी ‘एवढे पुरे झाले काय’ ही शंका सुटणार नाही. १५०५ मध्ये मठात शिरून उपासतापास, पापनिवेदने करून पोळलेल्या माणसाचे हे शब्द आहेत. बद्ध इच्छा त्याला बेडी वाटत नाही, विश्रांती वाटते. नियतिवाद म्हणजे केवळ आळशांची सबब, असे समजणाऱ्याने हे पान अवश्य वाचावे. अर्थात ही विश्रांती निवडलेल्यांची. न निवडलेल्यांसाठी त्याच्यापाशी शब्द नाही.

पालीच्या अभ्यासकाला येथे अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातातील तित्थायतनांचे सुत्त आठवणे अपरिहार्य आहे. सर्व सुखदुःख ईश्वरनिर्मित मानणाऱ्यांना भगवान विचारतात : मग हिंसा, चोरीही ईश्वरामुळेच काय? असे मत सार म्हणून धरणाऱ्याला छंद नाही, वायाम नाही, हे करावे आणि हे करू नये याला आधार नाही. इरॅस्मसशी हे साम्य उघड आहे. पण आमच्या बाजूनेही सावध राहिले पाहिजे. दोर्त येथील सभेने (१६१८–१९) पूर्वनिवडीचा सिद्धान्त कडक शब्दांत बांधला, आणि तो मानणारे डच व स्कॉटिश लोक काही हातपाय गाळून बसले नाहीत. आपण निवडलेले आहोत की नाही, याची खूण शोधण्याच्या तळमळीतूनच त्यांच्या उद्योगाला धार आली, असे माक्स वेबरने १९०४–०५ मध्ये मांडले. तेव्हा ‘ईश्वरवादी निष्क्रिय होतो’ असा सुत्ताचा अर्थ लावल्यास इतिहास तो खोडून काढील. आम्ही तो असा लावतो : माणसे आपल्या मतापेक्षा बरी वागू शकतात, सुत्ताचा प्रश्न त्या वागण्याला मतातून कारण मिळते काय, एवढाच आहे. त्याच सुत्तात पहिला नंबर ‘पुब्बेकतहेतु’ या मताचा लागतो, हेही विसरू नये. मागील जन्माच्या नावावर या जन्मीचे दास्य खपविणारे मत आपल्याला जिनीव्हाहून आणावे लागले नव्हते.

आणखी एक गोष्ट. ल्यूथरचा ग्रंथ डिसेंबर १५२५ मध्ये निघाला. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात मेमिंगेन येथे जर्मन शेतकऱ्यांनी बारा मागण्या मांडल्या होत्या. ख्रिस्ताने सर्वांनाच सोडविले, मग आम्ही भूदास का, ही त्यांतली तिसरी. ख्रिस्ती स्वातंत्र्य देहाचे नव्हे, असे ल्यूथरने त्यांना उत्तर दिले. मे महिन्यात फ्रांकेनहाउसेन येथे ते हजारोंनी कापले गेले. एक घटना दुसरीचे कारण होती, असे आम्ही म्हणत नाही. परंतु तारणातील स्वातंत्र्यावर विद्वान भांडत असताना कोणते स्वातंत्र्य चर्चेबाहेर राहिले, हे आमच्या वाचकाला दिसल्याशिवाय राहणार नाही.

खंडाविषयी एक तक्रार. इरॅस्मसने १५२६ व १५२७ मध्ये दोन भागांत दिलेले प्रदीर्घ प्रत्युत्तर यात नाही. त्यामुळे शेवटचा शब्द ल्यूथरचाच होता असा ग्रह होतो. ते प्रत्युत्तर टोरोंटोच्या इरॅस्मस-समग्रात १९९९ व २००० मध्ये इंग्रजीत आले आहे. या वादात शिरू इच्छिणाऱ्याने ते शेजारी ठेवूनच हा खंड उघडावा.