यंत्राला परवाना आहे, पण चित्राचं काय?

मागच्या महिन्यात आईची दाढ दुखायला लागली म्हणून तिला घेऊन एका दवाखान्यात गेले होते. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, स्क्रीनकडे बघून "जरा हललात वाटतं" म्हणाले आणि पुन्हा काढला. दुसऱ्यात दाढ छान दिसत होती, पण मुळाचं टोक चित्राबाहेर गेलं होतं. तिसऱ्यात टोक आलं. माझा चेहरा बघून ते म्हणाले, "ताई, काळजी करू नका, एका केळ्याइतकंच रेडिएशन असतं."

मी रेडिएशन मोजण्याच्याच विषयात पीएचडी करते, त्यामुळे हे केळं माझ्या डोक्यातून जाईना. आजची पोस्ट त्याच्यावर.

आधी आकडे बघू. एका केळ्यातल्या पोटॅशियममुळे साधारण ०.१ मायक्रोसिव्हर्ट डोस मिळतो असं धरतात. एका दाताच्या छोट्या एक्स-रेचा डोस साधारण १ ते ८ मायक्रोसिव्हर्टच्या घरात असतो, म्हणजे दहा ते ऐंशी केळी. शिवाय शरीर जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकतं, त्यामुळे ही तुलना मुळातच लंगडी आहे. पण डॉक्टरांचा मुद्दा चुकीचा नाही, डोस खरंच कमी असतो. निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला सहा-सात मायक्रोसिव्हर्ट मिळतच असतात. तेव्हा दाताच्या एक्स-रेला घाबरू नका. गरज असेल तर नक्की काढा.

माझी तक्रार वेगळी आहे. 'डोस कमी आहे' हे उत्तर 'तीनदा का काढावा लागला?' या प्रश्नाला दिलं गेलं. पहिल्या दोन चित्रांचा आईला काहीच उपयोग झाला नाही. एक्स-रे काढायला परवानगी असते ती एका हिशोबावर: धोका छोटा, फायदा मोठा. चित्र वाया गेलं की फायद्याची बाजू शून्य होते आणि धोका कितीही छोटा असला तरी तेवढाच उरतो.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. आपल्याकडे हा विषय १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याखाली आला. त्याखाली २००४ चे रेडिएशन संरक्षण नियम झाले, आणि अंमलबजावणी मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे आहे. दंतवैद्याने मंडळाने मान्यता दिलेलंच मॉडेल घ्यायचं, 'ई-लोरा' या ऑनलाइन प्रणालीवर परवानगी काढायची, आणि यंत्राची गुणवत्ता चाचणी दर दोन वर्षांनी करून घ्यायची. चाचणीत व्होल्टेज बरोबर आहे का, टायमर नीट चालतो का, किरणांचा झोत ठरलेल्या आकाराचा आहे का, नळीतून गळती होते का, हे सगळं मोजतात. हे महत्त्वाचं काम आहे आणि मंडळ ते करतं याबद्दल मला आदरच आहे.

पण लक्षात घ्या, ही चाचणी होते तेव्हा खुर्चीत पेशंट नसतो. मोजमापाचं उपकरण असतं, आणि उपकरण हलत नाही, त्याला उमासा येत नाही, त्याची जीभ मध्ये येत नाही. यंत्र शंभर टक्के पास झालं तरी रोजची चित्रं वाया जाऊ शकतात. भिंतीवर फ्रेम करून लावलेला कागद यंत्राबद्दल बोलतो, आईच्या दाढेच्या चित्राबद्दल नाही.

डिजिटल सेन्सर आल्यावर हे सुधारायला हवं होतं, कारण त्यांना डोस कमी लागतो. पण दोन गोष्टी उलट झाल्या. फिल्म वाया गेली तर पैसे जायचे, ती धुवायला वेळ जायचा, म्हणून पहिलंच चित्र नीट यावं याची काळजी घेतली जायची. आता पुन्हा काढायला काही सेकंद लागतात आणि बिघडलेलं चित्र डिलीट केलं की त्याचा मागमूस राहत नाही. दुसरं म्हणजे, जास्त एक्स्पोज झालेली फिल्म काळी पडायची, चूक डोळ्यांना दिसायची. आता सॉफ्टवेअर उजेड-काळोख स्वतःच जुळवून देतं. विशेषतः फॉस्फर प्लेटवर गरजेपेक्षा बराच जास्त डोस दिला तरी चित्र सुंदरच दिसतं, त्यामुळे कुणाला शंका येत नाही.

मग जबाबदारी कुणाची? मोठ्या हॉस्पिटलात एक डॉक्टर एक्स-रे सांगतो, तंत्रज्ञ काढतो, रेडिओलॉजिस्ट वाचतो. तिघं एकमेकांच्या चुका पकडू शकतात. दंतवैद्याकडे बहुतेक वेळा हे सगळं एकच माणूस करतो, आणि यंत्राचा हप्ताही तोच भरतो. हा कुणाच्या सचोटीवर आरोप नाही. मुद्दा इतकाच, की दुसरी नजर नसेल तर ती नियमाने आणावी लागते.

ब्रिटनमध्ये २०१७ चे नियम या भूमिका वेगवेगळ्या करतात: एक्स-रे मागणारा, त्याची गरज ठरवणारा, काढणारा आणि मालक. चारही टोप्या एकाच्या डोक्यावर असू शकतात, पण प्रत्येकीचं कर्तव्य वेगळं लिहिलेलं आहे. चित्रातून काय निष्पन्न झालं याची नोंदही करावी लागते. तिथल्या दंतवैद्यांच्या मार्गदर्शनात तर आकडाच आहे: डिजिटल चित्रांपैकी किमान ९५ टक्के आणि फिल्मपैकी किमान ९० टक्के निदानाला उपयोगी असली पाहिजेत. आकडा गाठायचा तर आधी मोजावं लागतं, आणि मोजायला लागलं की बिघडलेलं चित्र गुपचूप डिलीट करता येत नाही.

आपण मात्र दिसणाऱ्या सुरक्षेवर समाधान मानतो. शिशाचा एप्रन घातला की पेशंट खूश. २०२४ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने सांगितलं, की दातांच्या एक्स-रेसाठी एप्रन आणि गळ्याची पट्टी नेमाने घालायची गरज नाही, त्यापेक्षा झोत आयताकृती करून फक्त हवा तेवढाच भाग टिपा. गोल झोताऐवजी आयताकृती झोत वापरला तर डोस निम्म्याहून खाली येऊ शकतो. पण ती छोटी पट्टी पेशंटला कळत नाही, एप्रन कळतो. आपले नियम आपले आहेत, तेव्हा उद्यापासून एप्रन फेका असं मी म्हणत नाही. पण सुरक्षा कशाला म्हणायची, हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे.

दातांच्या थ्रीडी स्कॅनमध्ये, म्हणजे सीबीसीटीत, हे आणखी गंभीर होतं. डोस दहा-वीस मायक्रोसिव्हर्टपासून कित्येक शेपर्यंत जातो, आणि इम्प्लांटसाठी काढलेल्या स्कॅनमध्ये सायनस, जबड्याचा सांधा, श्वासमार्गही येतो. दाताच्या जागेपुरतं पाहून बाकी न वाचता बंद केलेला स्कॅन ही माझ्या मते अर्धवट सोडलेली तपासणी आहे.

दंतवैद्यांची बाजूही खरी आहे. एकट्याने दवाखाना चालवायचा, बाहेर पेशंट ताटकळलेले, त्यात आणखी एक वही कुठे भरायची? पण वहीत फार काही लागत नाही. तारीख, कितव्यांदा काढला, पहिला का बिघडला. महिनाभराने तीच चूक परत परत दिसली की सेन्सर धरायची पद्धत बदलायची. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. उद्या वाद झाला तर ही वही डॉक्टरांच्याच बाजूने बोलेल, डिलीट केलेलं चित्र बोलणार नाही.

तुम्ही पेशंट असाल तर 'सुरक्षित आहे ना?' हा प्रश्न सोडा, उत्तरात केळं मिळेल. त्याऐवजी जुना एक्स-रे सोबत न्या आणि विचारा, "हा चालेल का? नवीन काढल्यावर तुमचा कोणता निर्णय बदलेल?" आणि दुसऱ्यांदा काढायची वेळ आली तर, "पहिल्यात काय राहिलं?" तुमचा हक्क आहे, न रागावता विचारा.

मी त्या दिवशी विचारलं नाही. आईचं रूट कॅनल व्यवस्थित झालं, डॉक्टरांचा हात चांगला होता. तिसरं चित्र आमच्या फाइलमध्ये आहे. पहिली दोन कुठेच नाहीत.