सुधाचा पदर

आमच्या धाराशिवकडे काळ मोजायची एक खूण आहे: भूकंपाआधी की भूकंपानंतर? ‘अशी ही बनवाबनवी’ मी पहिल्यांदा पाहिला तो भूकंपाच्या आदल्या वर्षीच्या गणपतीत, १९९२ साली. गावाचं नाव तेव्हा उस्मानाबाद होतं. गल्लीच्या तोंडाशी दोन बांबूंना पांढरं कापड ताणलेलं, आणि पुढची सगळी जागा मोठ्या माणसांनी दिवस मावळायच्या आतच पोती टाकून धरलेली. आम्ही पोरं कापडाच्या मागे बसलो. मागून सिनेमा उलटा दिसतो. डावा हात उजवा होतो, पाट्यांवरची अक्षरं आरशातल्यासारखी फिरतात. सुरुवातीची नावंही उलटीच सरकली, त्यामुळे हा सिनेमा कोणी केलाय हे मला काही वाचता आलं नाही.

आत्ती लेकराला निजवून उशिरा आली आणि आमच्यातच टेकली. तोवर सुधीरची सुधा होऊन गेली होती, हे तिला ठाऊक नव्हतं. बराच वेळ बघून ती शेजारणीला म्हणाली, “ही धाकटी लई गुणाची दिसती गं.” सुधा हा बाप्या आहे असं आम्ही ओरडून सांगितलं, तरी तिला ते पटेना. पार्वतीबद्दल मात्र तिला काही सांगावं लागलं नाही. पार्वती दिसताक्षणी ती पदर तोंडाला लावून हसायला लागली होती.

या सिनेमाचं मला भेटलेलं सगळ्यात नेमकं रसग्रहण आत्तीनं केलं, असं आज वाटतं. धनंजय माने, त्याचा भाऊ शंतनू आणि दोन मित्र, परशुराम आणि सुधीर. पुण्यात राहायला जागा नाही, आणि लीलाबाई काळभोरांच्या घरात जोडप्यांशिवाय कुणाला थारा नाही. म्हणून परश्या धनंजयची बायको पार्वती होतो आणि सुधीर शंतनूची बायको सुधा. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. पण या दोन बायका दोन वेगळ्या जातीच्या आहेत. लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या पार्वतीत लुगड्याखालचा पुरुष एक क्षणभरही लपत नाही. चाल अंगावर येते, आवाज घसरतो आणि पुन्हा वर ओढला जातो, आणि आता पकडली जाणार या धास्तीवरच आपलं हसू उभं राहतं. सचिन पिळगांवकरांची सुधा याच्या अगदी उलट. तिचा पदर खांद्यावर असा बसलेला की तो सावरायची वेळच येऊ नये. मान किंचित खाली, बोलणं बेताचं.

दोघांनीही पार्वतीच रंगवली असती तर काय झालं असतं? लीलाबाई मूर्ख ठरल्या असत्या आणि सिनेमा दहा मिनिटांत कोसळला असता. त्या घराचा विश्वास बसायचा तर दोघींपैकी एक तरी खरी वाटायला हवी. पार्वतीची लबाडी सुधाच्या खरेपणाच्या आडोशानं खपते. म्हणजे चित्रपटात सगळ्यात कमी टाळ्यांचं आणि सगळ्यात जास्त वजन उचलणारं काम सुधाचं आहे, आणि दिग्दर्शकानं ते स्वतःकडे घेतलं. कारण तो दिग्दर्शक म्हणजे सुधाच होती. कापडाच्या मागून मला न वाचता आलेलं नाव सचिन पिळगांवकरांचं होतं.

आपल्या रंगभूमीवर पुरुषानं बाई होण्याच्या दोन वाटा आहेत. एक बालगंधर्वांची. ते रंगमंचावर जशी साडी नेसत, जसा अंबाडा घालत, तसं घराघरांतल्या बायका करून पाहत. दुसरी ‘मोरूची मावशी’ची. आचार्य अत्र्यांनी ‘चार्लीज आंट’ या इंग्रजी फार्सवरून ते नाटक केलं, आणि ऐंशीच्या दशकात विजय चव्हाणांनी ती मावशी पुन्हा गाजवली. ‘बनवाबनवी’त या दोन्ही वाटा एकाच घरात, एकाच सैपाकघरात येऊन राहतात. पटकथा-संवाद वसंत सबनीसांचे. ‘विच्छा माझी पुरी करा’ लिहिणाऱ्या माणसाच्या हाताला वगाची ही लय नवी नव्हती. डोहाळजेवणाच्या गाण्यात तर पोट घेऊन बसलेली पार्वती आणि तिचं कौतुक करणारी सुधा अशा दोन्ही परंपरा शेजारी शेजारी दिसतात. त्या गाण्यात मी हल्ली फक्त सुधाकडे बघतो. खोटं खोटं डोहाळजेवण ती खऱ्या वहिनीचं असावं तशा मायेनं करते. हसू पार्वतीकडे जातं. ते तिकडे पोचवणारी सुधा.

ही नजर आली कुठून? सचिन यांचा जन्म १९५७ चा. राजा परांजपे यांनी त्यांना घेऊन ‘हा माझा मार्ग एकला’ केला तो १९६३ मध्ये. म्हणजे ज्या वयात आमची पोरं बालवाडीत पाटी फोडतात त्या वयात हा मुलगा दिव्यांच्या उजेडात उभा होता. ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’, ‘जगाच्या पाठीवर’ करणारे राजाभाऊ हे स्वतः दिग्दर्शन करता करता त्याच चित्रात काम करणारे गृहस्थ. सिनेमा म्हणजे काय हे या मुलाला पहिल्यांदा दिसलं ते अशा माणसाच्या सावलीत. पंचवीस वर्षांनी सुधाचा पदर घेऊन तो स्वतःच चौकटीत उभा राहिला आणि तिथूनच सगळ्यांना चालवू लागला, तेव्हा ते काही त्याला नव्यानं शिकावं लागलं नसणार.

दुसरा धागा याहून नाजूक आहे. ‘बनवाबनवी’चं मूळ हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’मध्ये आहे. आणि पुढच्याच वर्षी आलेल्या मुखर्जींच्या ‘मझली दीदी’त लहान सचिननं मीनाकुमारींसमोर काम केलं. ज्या दिग्दर्शकानं त्याच्या बालपणाला चौकटीत बसवलं, त्याच्याच एका चित्राला त्यानं मोठेपणी पुण्याच्या घरात आणलं. मीनाकुमारींकडून आपण उर्दू शिकलो, असं सचिन सांगत आले आहेत. मीनाकुमारी स्वतः एके काळी बेबी मीना होत्या. त्यांनी लपूनछपून शायरी केली, ‘नाज़’ हे टोपणनाव घेतलं, आणि शेवटी खय्याम यांच्या संगीतात ती स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली. लहानपणी दुसऱ्यांचे शब्द बोलून मोठं झालेल्या माणसाला कधीतरी स्वतःचं काही मांडावंसं वाटतं. मीनाकुमारींनी ते वहीत मांडलं. सचिन यांनी इतरांच्या तोंडी दिलं.

इतरांच्या तोंडी, हे शब्दशः खरं आहे. ‘बनवाबनवी’तले जे संवाद आज लग्नाच्या पंगतीत, एसटीत, कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकू येतात, ते आठवून पाहा. सत्तर रुपये आठवतील, लिंबू कलरची साडी आठवेल, रात्री घरमालक सरपोतदारांचं दार वाजवून धनंजय मान्यांची केलेली चौकशी आठवेल. ते सगळे अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सुधीर जोशी यांचे. सुधीरचं किंवा सुधाचं एक वाक्य पटकन सांगा म्हटलं, तर बहुतेकांना डोकं खाजवावं लागेल. दिग्दर्शक स्वतः पडद्यावर आहे आणि सगळ्यात चांगली वाक्यं त्यानं वाटून टाकली आहेत. धनंजय थाप मारत असताना पुष्कळदा चौघं एकाच चौकटीत असतात. बोलणारा एक, आणि ती थाप निभावून न्यायची जबाबदारी उरलेल्या तिघांच्या चेहऱ्यांवर. विनोद त्या ऐकणाऱ्या चेहऱ्यांवर पिकतो. सुधा डोळे खाली घालते आणि आपल्याला कळतं, आता गोत्यात आलो. तिथे कुणी हातवारे करत नाही. शंतनू झालेले सिद्धार्थ रे, शांतारामबापूंचे नातू, हेही लहानपणी पडद्यावर आलेले. या दोघांच्या शांतपणावर अशोक-लक्ष्या ही जोडी मोकाट सुटते.

सचिन यांनी पुढेमागे पुष्कळ केलं. १९८२ च्या ‘माय बाप’पासून दिग्दर्शन, मग ‘नवरी मिळे नवऱ्याला’, ‘गंमत जंमत’, ‘माझा पती करोडपती’, ‘तू तू मैं मैं’सारखी हिंदी मालिका, गाणं, छोट्या पडद्यावरचं गुरुपण, ‘हाच माझा मार्ग’ हे आत्मचरित्र. त्या नावात पहिल्या चित्रपटाचा पडसाद आहे. यातलं सगळंच मला सारखं भावतं असं नाही. जिथे त्यांनी स्वतःला मधोमध ठेवलं तिथे माझं मन तितकं रमलं नाही. जिथे ते कडेला सरकून माणसांचा मेळा नीट बसवतात, ‘नवरा माझा नवसाचा’मधली गणपतीपुळ्याला निघालेली ती एसटी घ्या, तिथे त्यांचा हात लागलेला लगेच ओळखू येतो. सीटवरचा प्रत्येक माणूस जिवंत.

पण मी परत परत जातो तो ‘बनवाबनवी’कडेच, आणि त्याला आमच्याकडचं एक कारण आहे. चित्रपट निघाला १९८८ साली. आमच्या भागातली किती पोरं तेव्हापासून पुण्याला गेली, आणि “एकट्या मुलांना खोली देत नाही” हे वाक्य ऐकून किती दारांवरून परतली, याचा हिशेब नाही. मीही त्यातलाच एक. त्यामुळे त्या चौघांची लबाडी मला कधी लबाडी वाटलीच नाही. त्यांना कुणाचं काही लुटायचं नव्हतं. रात्री पाठ टेकायला जागा हवी होती. दिग्दर्शकानं हा घोर चित्रात कुठे बोलून दाखवला नाही आणि कुठे विसरूही दिला नाही. दार वाजलं की चौघांच्या पोटात गोळा येतो आणि आपण हसतो, ते दोन्ही एकाच वेळी होतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, विसर्जन करून माणसं नुकती निजलेली असताना, जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं मातीमोल झाली. आमचं घर उभं राहिलं, पण आत झोपायची कुणाची छाती होईना. कितीतरी रात्री आम्ही अंगणात काढल्या. लोहाऱ्याकडचे नात्यातले लोक आमच्याकडे आले होते, त्यांच्या मागे घर म्हणून काही उरलं नव्हतं. मोठी माणसं बोलायची नाहीत. कंदिलाभोवती बसून राहायची.

एका रात्री त्यांच्यातल्याच एका पोरानं उशी पोटाला बांधली, आत्तीचं लुगडं गुंडाळलं आणि पार्वती झाला. मग धनंजय व्हायला दोघं भांडले. सरपोतदार एकानं घेतला. सुधा व्हायला कुणी तयार होईना, कारण सुधाला काही बोलायचंच नसतं. शेवटी ते माझ्याकडे आलं. आत्तीनं स्वतः माझ्या खांद्यावर पदर नीट बसवला आणि सांगितलं, हलू नको, घसरंल. मी मान खाली घालून पार्वतीच्या शेजारी उभा राहिलो. पार्वती बोलत होती, उशी सुटत होती. मला करायला काहीच नव्हतं, म्हणून मी समोर बघत राहिलो. कंदिलाच्या उजेडात एकेक चेहरा दिसत होता, आणि लोहाऱ्याहून आलेली म्हातारी त्या दिवसांत पहिल्यांदाच हसत होती.