'म्युलर' या जर्मन आडनावाचे मूळ व प्रसार : एक चिकित्सा

एका आडनावाची सर्व माणसे एकाच मूळ पुरुषाची वंशज होत, हे गृहीतक आडनावांविषयीच्या लेखनात वारंवार आढळते. जर्मनीत सर्वाधिक आढळणाऱ्या 'म्युलर' या आडनावाच्या बाबतीत ते मुळीच टिकत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

म्युलर म्हणजे धान्य दळून देणारा चक्कीवाला. उत्तरकालीन लॅटिनमधील 'मोलिनारियुस' हे या शब्दाचे मूळ होय. पाणचक्कीचे तंत्र आणि तिच्याशी निगडित शब्द रोमनांकडूनच जर्मन प्रदेशात आले. पुढे, साधारणतः बाराव्या ते पंधराव्या शतकांत तेथील आडनावे वंशपरंपरागत होऊ लागली. त्या काळी अनेक ठिकाणी रयतेने जमीनदाराने ठरवून दिलेल्या चक्कीवरच दळण न्यावे, असे बंधन होते. साहजिकच गावात चक्कीवाला बहुधा एकच असे आणि त्याची ओळख पटण्यास त्याचा व्यवसाय पुरेसा होई. शेजारच्या गावीही हेच घडे. परस्परांशी कोणतेही नाते नसलेली असंख्य घराणी अशा रीतीने एकाच नावाची झाली. आपल्याकडील सर्व कुलकर्णी एका कुळातील आहेत असे कोणी मानीत नाही. येथेही तोच विवेक हवा.

प्रसाराचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. उत्तरेकडील बोलींत याच आडनावाचे 'म्योलर' झाले, ऑस्ट्रिया-बव्हेरियाकडे 'म्युल्नर' हे रूप टिकले, तर काही घराण्यांनी 'मोलिटोर' हे लॅटिन रूप स्वीकारले. कुन्त्से आणि न्युबलिंग यांनी संपादित केलेला जर्मन आडनावांचा सप्तखंडात्मक नकाशासंग्रह (2009 ते 2018) 2005 मधील दूरध्वनी-जोडण्यांवर आधारलेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पूर्वेकडील लक्षावधी जर्मनांना विस्थापित व्हावे लागले, तरी बोलीनुसार झालेली ही विभागणी नकाशांत आजही ओळखू येते. अमेरिकेत मात्र अनेक म्युलर 'मिलर' झाले आणि मूळच्या इंग्रज मिलरांत मिसळून गेले. तेथे केवळ आडनावावरून वंश ठरविणे निरर्थक होय.

या आडनावाच्या अतिपरिचयाचा त्रास आपल्या परिचयाच्या एका विद्वानालाही झाला. 1823 मध्ये डेसाउ येथे जन्मलेल्या फ्रीडरिक मॅक्स म्युलर यांना नुसते 'म्युलर' हे आडनाव फारच सामान्य वाटे. म्हणून त्यांनी 'मॅक्स' हे नाव आडनावालाच जोडून घेतले. ऋग्वेदाच्या आवृत्तीवर संस्कृतात ते 'मोक्षमूलर' झाले, ऑक्सफर्डचे 'गोतीर्थ' झाले आणि जर्मनी 'शर्मण्यदेश' ठरला. पैकी 'गोतीर्थ' हे बव्हंशी अर्थानुवादी आहे. उरलेली दोन केवळ ध्वनिसाम्यावर बेतलेली आहेत. विद्वानाचा हा विनोद समजण्यासारखा आहे. परंतु 'शर्मन्' आणि 'जर्मन' यांचे नाते खरोखरच सिद्ध झाले आहे असे मानून चालणाऱ्यांनी तो प्रमाण म्हणून पुढे करू नये. 'मोक्षमूलर' या नावात 'मोक्ष' ऐकू येतो, 'मूळ'ही ऐकू येते. हरवली आहे ती चक्की.