'एकच प्याला'तील नावे

नावाला अर्थ असावा, ही अपेक्षा आपल्याकडे फार जुनी आहे. कोणत्या वर्णाच्या नावातून काय सूचित व्हावे हे मनुस्मृतीने सांगून ठेवले, आणि शूद्राचे नाव जुगुप्सा दर्शविणारे असावे इथपर्यंत तिची मजल गेली. संस्कृत नाट्यशास्त्रकारांनीही गणिकेच्या नावाअखेर 'दत्ता' वा 'सेना', वणिजाच्या नावाअखेर 'दत्त', असे संकेत घालून दिले. 'मृच्छकटिका'ची नायिका वसंतसेना झाली ती त्यामुळेच. आणि जन्माने ब्राह्मण, पण व्यापारी घराण्यातला, असा तिचा नायक चारुदत्त झाला. इंग्रजीत शेरिडनने आपल्या निंदाप्रिय पात्राला लेडी स्नीअरवेल म्हटले, तीही रीत याच जातीची. येथे नाव ही दारावरची पाटी असते. घरातला माणूस पाटीबरहुकूम वागतो.

राम गणेश गडकरी यांनी 'एकच प्याला'त नावांचा जो उपयोग केला आहे तो या रीतीच्या पलीकडचा आहे, असे आम्हांस वाटते. या नाटकाविषयी बोलण्याचा बडोदेकरांना थोडा हक्कही आहे. गडकऱ्यांचा जन्म १८८५ साली तत्कालीन बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात झाला. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे त्यांचे निधन झाले, आणि त्यानंतर चार आठवड्यांनी, २० फेब्रुवारीस, गंधर्व नाटक मंडळीने या नाटकाचा पहिला प्रयोग बडोद्यात केला. बालगंधर्वांची सिंधू प्रथम पाहिली ती या शहराने.

सिंधू, सुधाकर, शरद, पद्माकर ही नावे केवळ गोड म्हणून योजिली आहेत, असा आक्षेप घेता येईल. परंतु ती एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत. सुधाकर म्हणजे चंद्र, अमृतकिरण. सिंधू म्हणजे समुद्र. चंद्राच्या वृद्धिक्षयाबरोबर समुद्राने उसळावे वा ओसरावे, हे या दांपत्याच्या संसाराचे सूत्र नावांतच आहे. शरद ही सुधाकराची बहीण; चांदणे सर्वांत निर्मळ असते ते शरदातच, पण ही शरद बालविधवा आहे. पद्माकर हा सिंधूचा भाऊ. पद्माकर म्हणजे कमळांचे सरोवर, आणि चंद्रोदयाबरोबर कमळे मिटतात. मेहुण्याविषयी त्याचे मन मिटले तर नवल नाही. पुराणकथेप्रमाणे समुद्रमंथनातून चंद्र निघाला, अमृत निघाले, आणि त्याच मंथनातून वारुणी, म्हणजे मदिराही निघाली. ज्याच्या नावात सुधा आहे त्याच्या हाती सुरा यावी, हा दैवदुर्विलास त्या कथेतच दडलेला आहे. सनदेवर गदा आल्यामुळे दुखावलेला बुद्धिमान वकील पहिला प्याला ओठांना लावतो, तेव्हा त्याचे नावच त्याच्यावर उलटते. शेरिडनच्या पात्रांना नाव साजते. गडकऱ्यांच्या नायकाला ते साजेनासे होते, आणि ही शोकांतिका आहे ती त्यामुळेच. कोशातला अर्थ येथे नाटककाराने दिलेले वचन आहे. पुढचे अंक ते वचन मोडत जातात.

नायकाच्या दोन बाजूंस जे दोघे उभे आहेत त्यांच्याही नावांकडे पाहावे. सन्मार्गाकडे ओढणारा स्नेही रामलाल आणि गर्तेकडे नेणारा तळीराम. राम दोघांच्याही नावात आहे. एकाच्या आरंभी, दुसऱ्याच्या अखेरीस. 'लाल' हे पद गुजरातेत घरोघर ऐकू येणारे, तर तुकाराम, सखाराम या नावांतला राम अस्सल मराठी वळणाचा. 'तळी' म्हणताच मराठी कानाला 'तळी उचलणे' आठवते आणि 'तळ'ही आठवतो. हांजी हांजी आणि अधोगती ही दोन्ही या पात्राची कामे. राम हे स्वतः लेखकाचेही नाव, आणि विनोदी लेखनासाठी त्याने घेतलेले टोपणनाव 'बाळकराम'. आपल्या नावाचा अंश त्याने तारणाऱ्यालाही दिला आणि बुडविणाऱ्यालाही दिला, ही गोष्ट आम्हांस अर्थपूर्ण वाटते.

यानंतर जे घडले ते लेखकाच्या हातचे नव्हते. विशेषनामाचे सामान्यनाम करण्याची खोड सर्वच भाषांना आहे. फ्रेंच भाषेने मोलिएरच्या तार्त्युफला दांभिकांचे नाव केले, इंग्रजीने शायलॉकला निर्दय सावकारांचे. आपण कळलाव्याला नारद आणि झोपाळूला कुंभकर्ण म्हणतो. मराठीने या नाटकातून तळीराम उचलला. आज कोणताही मद्यपी तळीराम होतो, आणि तो शब्द उच्चारताना बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू असते. वृत्तपत्रांचे मथळेही त्याच सुरात लिहिले जातात.

आमची तक्रार आहे ती येथे. सुधाकराच्या हातून दारूच्या धुंदीत स्वतःचे मूल दगावते. दळण दळून पोट भरणारी सिंधू मरताना त्याच्यावर दोष येऊ नये म्हणून धडपडते. हे सारे विसरून भाषेने त्यातले हसू तेवढे जवळ केले. तळीराम हे गडकऱ्यांचे असामान्य यश खरे, परंतु त्याच यशाने नाटकाची धार बोथट झाली. ज्या राज्यात १९६० पासून, म्हणजे त्याच्या स्थापनेपासून, दारूबंदीचा कायदा आहे, तेथेही या शब्दाने हसणे थांबलेले नाही. व्यसनाला खेळकर नाव मिळाले की त्याचा धाक कमी होतो.

वर्गात नावांचे अर्थ सांगताना आपण शिक्षक बहुधा कोशापाशी थांबतो. सुधाकर म्हणजे चंद्र, इतके लिहून घेतले की विद्यार्थी उत्तीर्ण होतो. त्याला पुढचा प्रश्न विचारला पाहिजे: शेवटच्या अंकातल्या माणसाला हे नाव शोभते काय? आणि 'तळीराम' हा शब्द निबंधात थट्टेने आला, तर तळीरामाला गीता नावाची बायको होती आणि तिच्याही संसाराची धूळधाण झाली, एवढे त्याला अवश्य सांगावे.