‘नीतिमान’ या शब्दाचे ओझे

बायबलच्या मराठी भाषांतरातील काही शब्द आपल्या इतके अंगवळणी पडले आहेत की त्यांचा अर्थ काय, हा प्रश्न आपण स्वतःला सहसा विचारीत नाही. ‘नीतिमान’ हा त्यांपैकी एक. बायबल सोसायटीच्या प्रचलित भाषांतरात संत पौलाच्या पत्रांमध्ये तो पुनःपुन्हा भेटतो. नियमशास्त्र पाळल्यामुळे नव्हे, तर ख्रिस्तावरील विश्वासामुळे मनुष्य देवापुढे नीतिमान ठरतो, हे रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांचे सार. मिस्सामध्ये हे वाचन आपण ऐकतो आणि वाचनानंतर देवाचे आभार मानतो. परंतु आपल्या कानांवर नेमके काय पडले, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

मराठी माणसाच्या मनात ‘नीती’ या शब्दाबरोबर काय येते? शाळेतील नीतिकथा, नीतिशिक्षणाचा तास, घरातील वडीलधाऱ्यांचा उपदेश. नीतिमान म्हणजे सदाचारी, सचोटीचा, ज्याच्याकडे कोणी बोट दाखवू शकत नाही असा गृहस्थ. म्हणजे पौल ज्या गोष्टीला नकार देतो, नेमकी तीच गोष्ट आपला शब्द मागील दाराने घरात आणतो. पौल सांगतो की तुमच्या सदाचरणाच्या बळावर देव तुम्हांला जवळ करीत नाही. आणि आपण ऐकतो की विश्वास ठेवला की माणूस सदाचरणी होतो. दोन्ही विधाने खरी असतील, पण ती एक नव्हेत. पहिले विधान मुळाविषयी आहे, दुसरे फळाविषयी.

हा दोष मराठीचाच आहे असे मात्र समजू नये. या संकल्पनेने ज्या ज्या भाषेत प्रवेश केला, त्या त्या भाषेने तिला आपल्या बाजूला थोडे ओढले. जुन्या करारातील मूळ हिब्रू शब्द ‘त्सेदाका’ हा नात्याचा शब्द आहे. करार केलेला देव आपल्या माणसांशी प्रामाणिक राहतो आणि माणसांनीही त्याच्याशी तसेच राहावे, हा त्याचा गाभा. पुढील काळात त्याच शब्दाला दानधर्म असा अर्थ चिकटला. ग्रीकमध्ये पौलाने वापरलेला शब्द न्यायालयाच्या वातावरणातून आला. निवाडा, निर्दोष ठरवणे हे त्याचे शेजारी. लॅटिनमध्ये गेल्यावर त्या शब्दाची फोड ‘न्यायी करणे’ अशी झाली आणि संत ऑगस्टीनने इ. स. ४१२ च्या सुमारास लिहिलेल्या आत्मा व अक्षर यांविषयीच्या ग्रंथात हाच अर्थ मांडला. देव केवळ निकाल देत नाही, तो माणसाला आतून पालटतो, यावर पश्चिमेकडील ख्रिस्तसभेचा भर राहिला, त्यात या लॅटिन शब्दाचाही वाटा होता.

मार्टिन ल्युथरची कथाही एका शब्दाशी झालेल्या झुंजीची कथा आहे. १५४५ साली आपल्या लॅटिन लेखनाच्या संग्रहाला लिहिलेल्या प्रस्तावनेत त्याने सांगितले आहे की ‘देवाचे न्यायीपण’ या शब्दप्रयोगाचा त्याला तिटकारा होता. पाप्याला शिक्षा करणारा न्याय एवढाच अर्थ त्याला शिकवला गेला होता. ज्या न्यायीपणाने देव शिक्षा करतो ते हे नव्हे, तर जे तो दान म्हणून माणसाला देतो ते हे, असा उलगडा झाल्यावर त्याला मोकळे वाटले. विशेष म्हणजे त्यानंतर ऑगस्टीनचा तोच ग्रंथ वाचताना, अपेक्षा नसताना, आपल्याला तेथेही हाच अर्थ आढळला, अशी नोंद तो करतो. पुढे रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायाचे जर्मन भाषांतर करताना त्याने ‘केवळ’ हा शब्द घातला, जो ग्रीक मुळात नाही. त्यावर टीका झाली तेव्हा १५३० साली खुले पत्र लिहून जर्मन बोलीची ती गरज आहे, असे समर्थन त्याने केले. एका शब्दाच्या भरीने केवढे वादळ उठू शकते, याचे हे उदाहरण भाषांतरकारांनी कायमचे ध्यानात ठेवावे.

या वादात कॅथलिक शिकवण ‘कर्मांनी तारण’ अशी आहे, असा समज आपल्या काही प्रॉटेस्टंट बंधूंचा असतो. त्याहून खेदाची गोष्ट ही की आपल्यापैकी कित्येकांचाही तोच समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. ट्रेन्टच्या धर्मपरिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी या विषयावर जो आदेश काढला त्यात १६ प्रकरणे व ३३ नियम आहेत. ख्रिस्ताच्या कृपेवाचून, केवळ स्वतःच्या कर्मांनी मनुष्य देवापुढे न्यायी ठरू शकतो असे म्हणणाऱ्याचा निषेध हा त्यांतील पहिलाच नियम. आठव्या प्रकरणात तर परिषद म्हणते की कृपा लाभण्यापूर्वीचे काहीही, मग ते कर्म असो वा विश्वास, त्या कृपेवर हक्क सांगू शकत नाही. ट्रेन्टचा आग्रह होता तो पुढच्या पावलाविषयी: क्षमेबरोबर नवजीवनही येते आणि त्या नवजीवनात माणसाचा होकार व त्याची कृती यांना खरे मोल आहे.

अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे कॅथलिक ख्रिस्तसभा व जागतिक ल्युथरन महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही पात्रतेमुळे नव्हे, तर कृपेनेच देव आपला स्वीकार करतो आणि पवित्र आत्मा आपल्याला सत्कर्मांसाठी सिद्ध करतो, हे दोघांनी एका आवाजात कबूल केले. २००६ साली मेथडिस्टांनी आणि २०१७ साली रिफॉर्म्ड मंडळ्यांनी त्याला दुजोरा दिला. सारे मतभेद मिटले असे कोणी म्हटलेले नाही. पण मूळ गाठ सुटली आहे.

आता मराठी शब्दाकडे परत येऊ. ‘नीतिमान’ नको, तर दुसरा कोणता शब्द घ्यावा? ‘पुण्यवान’ म्हणावे तर पुण्य साठते, खर्च होते. त्या शब्दात हिशेबाची वही आधीच उघडलेली आहे. ‘धार्मिक’ म्हणावे तर उपवास, नवस, यात्रा डोळ्यांपुढे येतात. ‘निर्दोष’ म्हणावे तर कोर्टातील सुटका तेवढी कळते, घरी परतलेल्या मुलाला बापाने मारलेली मिठी कळत नाही. भक्तिपरंपरेने मराठीला दिलेला ‘पतितपावन’ हा शब्द मला या अर्थाच्या सर्वांत जवळचा वाटतो. पतिताला पावन करणारा तो देव. पण हे देवाचे विशेषण आहे. ज्याला पावन केले त्या माणसासाठी पौलाच्या वाक्यात बसेल असा शब्द त्यातून सहज निघत नाही.

शब्द अपुरा असला की काय करावे, याचा धडा मराठी ख्रिस्ती साहित्याच्या आरंभीच मिळतो. १६१६ साली गोव्यात छापल्या गेलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त फादर थॉमस स्टीफन्स यांनी स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द निःशंकपणे घेतला. त्या शब्दाला आपले जुने घर होते, जुने धनी होते. फादर स्टीफन्स शब्दाची व्याख्या करीत बसले नाहीत. त्यांनी हजारो ओव्यांत कथा सांगितली आणि कथेने त्या शब्दात नवा अर्थ भरला. नीतिमान या शब्दाचेही तसेच आहे. तो बदलण्यापेक्षा ज्या कथांमध्ये तो उभा आहे, त्या कथा नीट वाचणे अधिक फलदायी ठरेल.

पहिली कथा अब्राहामाची. पौल आणि संत याकोब हे दोघेही त्याचाच दाखला देतात आणि वरवर पाहता परस्परविरुद्ध निष्कर्ष काढतात. पौल म्हणतो विश्वासाने. याकोब म्हणतो केवळ विश्वासाने नव्हे, कृतींनीही. पण उत्पत्तीच्या पुस्तकात दोघांची बोटे कोठे आहेत ते पाहावे. पौल पंधराव्या अध्यायाशी थांबतो. तेथे अब्राहामाने अजून काहीच केलेले नाही. सुंतेची आज्ञाही दोन अध्याय पुढे आहे. देवाने रात्री तारे दाखवून शब्द दिला आणि त्या म्हाताऱ्या, निपुत्रिक माणसाने त्या शब्दावर विश्वास टाकला, एवढेच. याकोब बाविसाव्या अध्यायाशी थांबतो, जेथे तोच अब्राहाम इसहाकाला घेऊन डोंगर चढतो. एकाच आयुष्याची ही दोन पाने आहेत आणि त्यांचा क्रम उलटा करता येत नाही. आधी तारे, मग डोंगर.

येथे ‘विश्वास’ या शब्दाकडेही पाहावे. देव आहे असे ‘मानणे’ म्हणजे पौलाचा विश्वास नव्हे. तेवढे तर भुतेही मानतात आणि थरथर कापतात, असे याकोब सुनावतो. मराठीत ‘विश्वास टाकणे’ असा सुंदर वाक्प्रचार आहे. पोहायला शिकणारे पोर बापाच्या हातांवर अंग टाकते, तसे टाकणे. असा विश्वास निष्क्रिय राहूच शकत नाही, म्हणून गलतीकरांस लिहिताना पौल प्रीतीतून कार्य करणाऱ्या विश्वासाविषयी बोलतो.

दुसरी कथा लूकच्या शुभवर्तमानातील अठराव्या अध्यायाची: परुशी व जकातदार. मराठी कानाला या कथेचा शेवट धक्का देणारा आहे, आणि तसाच तो असायला हवा. आठवड्यातून दोनदा उपास करणारा, मिळकतीचा दहावा भाग देणारा परुशी हा आपल्या भाषेत शंभर टक्के नीतिमान. आणि दूर उभा राहून ऊर बडवणारा जकातदार मुळीच नाही. तरीही नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदारच. त्याने लुबाडलेले पैसे परत केले असे कथेत म्हटलेले नाही. परुशाची कर्मे खोटी होती असेही नाही. त्याचा दोष एवढाच की आभाराच्या प्रार्थनेतही तो स्वतःचाच हिशेब वाचतो आणि शेजाऱ्याच्या खात्यातील तूट दाखवतो. आपल्या शब्दाचा जुना अर्थ या कथेत मोडतो आणि नवा अर्थ त्याच्या जागी उभा राहतो.

लूकची खरी कुशलता पुढच्या अध्यायात दिसते. तेथे पुन्हा एक जकातदार येतो, तोही मुख्य जकातदार, जक्कय. तो मात्र अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, फसवणुकीची चौपट भरपाई करतो. येशू त्याच्या घरी या दानामुळे जातो काय? मुळीच नाही. झाडावर बसलेल्या जक्कयला येशू आधी हाक मारतो, आज तुझ्या घरी उतरणार असे सांगतो. तिजोरी त्यानंतर उघडते. लूकने हे दोन जकातदार इतके जवळ ठेवले त्यात मला पौल व याकोब यांच्या वादाचे उत्तर दिसते. सत्कर्म ही पाहुण्याला बोलावण्याची किंमत नव्हे, पाहुणा घरी आल्याचा आनंद आहे.

यावर कोणी मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायाकडे बोट दाखवील. भुकेल्यांना अन्न, उघड्यांना वस्त्र, तुरुंगातल्यांची भेट: शेवटच्या न्यायाच्या वेळी कर्मेच पाहिली जातात ना? होय, पाहिली जातात. परंतु ज्यांना मूळ ग्रीकमध्ये त्याच शब्दाने नीतिमान म्हटले आहे, ते लोक चकित होऊन विचारतात की हे आम्ही केव्हा केले? त्यांच्याजवळ वहीच नव्हती. ज्याने आपल्या दानाची नोंद ठेवली नाही, त्याची नोंद देवाने ठेवली.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नाही. आपल्या धर्मग्रामांतील किती माणसे या शब्दाच्या ओझ्याखाली वाकली आहेत! मृत्युशय्येवरची वृद्धा, जिने आयुष्यभर रोज रोझरी केली, ती विचारते, “फादर, एवढे पुरेल का?” मद्याच्या आहारी गेलेला बाप चर्चच्या फाटकापर्यंत येतो आणि आत येत नाही, कारण आपण ‘तसे’ नाही अशी त्याची खात्री झालेली असते. दुसरीकडे, देणगीच्या फलकावरील आपले नाव वाचून समाधानाने घरी जाणारेही आहेत. तिघांचा गैरसमज एकच आहे: देवाकडे आपले खाते आहे आणि शिल्लक पाहून तो दार उघडतो. पौलानेही रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात हिशेबाचेच क्रियापद ११ वेळा वापरले आहे, पण ते हिशेब मोडण्यासाठी. मजुराची मजुरी ही देणे असते, दान नव्हे, असे तो बजावतो. वृद्धेला सांगायचे ते हे की पुरेसे होते ते ख्रिस्ताने केले. तुमची रोझरी ही त्याचा हात धरून चालणे होते. फाटकाशी थांबलेल्याला सांगायचे ते हे की मिस्साच्या आरंभी आम्ही सारेच त्या जकातदारासारखे छातीवर हात मारतो. आत येण्याची दुसरी रीत आमच्यापाशीही नाही. आणि फलकाकडे पाहणाऱ्याला जक्कयची गोष्ट सांगावी.

‘नीती’ या शब्दाचा मूळ संस्कृत धातू ‘नी’, म्हणजे नेणे. ज्याला कोणी हाताला धरून नेत आहे तो नीतिमान, एवढे ध्यानात ठेवून यापुढे हा शब्द ऐकला तरी त्याचे बरेच ओझे हलके होईल. चालायचे आपल्यालाच आहे. परंतु पहिले पाऊल त्याने आपल्याकडे टाकलेले असते.