‘आशय’ : पोकळी की अधिष्ठान?

शारीरशास्त्राच्या परिभाषेची चर्चा करताना ‘आशय’ या प्राचीन संज्ञेचा अर्थ ‘शरीरातील पोकळी’ असा पुष्कळदा दिला जातो. हा अर्थ सोयीचा असला तरी व्युत्पत्ती आणि प्रयोग या दोन्ही कसोट्यांवर तो टिकत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

‘आ’ हा उपसर्ग व ‘शी’ (निजणे, पडून राहणे) हा धातू यांपासून हा शब्द सिद्ध होतो. जेथे काही येऊन विसावते, ते स्थान म्हणजे आशय. याउलट इंग्रजी ‘कॅव्हिटी’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन ‘कॅव्हुस’चा अर्थ ‘पोकळ’ असा आहे. दोहोंची दृष्टीच भिन्न आहे.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात वात, पित्त, श्लेष्मा, रक्त, आम, पक्व व मूत्र यांचे ७ आशय सांगून स्त्रियांच्या ठिकाणी गर्भाशय हा आठवा मानला आहे. या सर्व समासांचे पूर्वपद आधेयवाचक आहे. आकारवाचक एकही नाही. शिवाय सूत्रस्थानात रक्ताचे स्थान म्हणून यकृत् व प्लीहा यांचा निर्देश येतो. ही दोन्ही इंद्रिये भरीव आहेत. रक्ताशय तो हाच, असे मानल्यास ‘पोकळी’ हा अर्थ तेथे लागूच पडत नाही. मूत्राशय, गर्भाशय पोकळ आहेत हे खरे. परंतु पोकळपणा हा तेथे वस्तूचा धर्म आहे, शब्दाचा अर्थ नव्हे.

पुढील अर्थविकासही हेच सुचवितो. योगसूत्रांत ‘कर्माशय’ म्हणजे कर्मसंस्कारांचा साठा. मराठीत ‘आशय’ म्हणजे मनातील हेतू किंवा साहित्यकृतीत सामावलेला अर्थ. आधाराचे नाव आधेयास मिळाले, असा हा लक्षणेचा व्यापार दिसतो. मूळ अर्थ ‘पोकळी’ असता, तर त्यापासून ‘आत असलेले’ हा अर्थ निघण्याची वाट दाखविणे कठीण झाले असते.

तेव्हा वक्ष व उदर यांच्या पोकळ्यांसाठी ‘गुहा’ हा रूढ शब्दच योग्य होय. प्राचीन संहिता वाचताना अभ्यासकाने आणखी एक सावधगिरी बाळगावी. आज ‘पित्ताशय’ म्हणजे यकृताखालची पित्ताची पिशवी. सुश्रुताने मात्र पित्ताचे स्थान आमाशय व पक्वाशय यांच्या मध्ये सांगितले आहे. शब्द तोच राहिला म्हणून अर्थही तोच राहिला, असे गृहीत धरणे शब्दार्थाच्या इतिहासास मान्य होणारे नाही.